स्टिकरवर पाच, आत तीन

५ ऑक्टोबर, रविवार

लॅपटॉप आज तीनदा अडकला. तिसऱ्या वेळी नवरीचा अर्धा चेहरा आला आणि थांबला. बंद करून परत सुरू केला, बावीस पानं परत लावली. त्यातच फोटोग्राफर दिलीपभाऊंचा फोन. तुळशीच्या लग्नानंतर सहा अल्बम देतो म्हणाले. "पण ताई, या खेपेले उशीर नाही जमणार. नाहीतर मले तुमसरच्या माणसाले काम द्या लागंल."

सहा! घरबसल्या लग्नाचे अल्बम करायला लागले त्याला तीन वर्षं झाली, एकदम एवढं काम कधीच आलं नव्हतं.

संध्याकाळी तहसीलच्या रस्त्यावर गजूभाऊंच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात. यांच्या शाळेतले मित्र, त्यामुळे मला ताटकळत ठेवत नाहीत. म्हणाले, "नवी डिस्क तं मीनं टाकूनच देल्ली दोन वर्षांआधी. आता याचा प्रोसेसर बदलू." प्रोसेसर बदलता येतो हेच मला माहीत नव्हतं. नव्या लॅपटॉपात चिकटवलेला असतो म्हणे, हा जुना, याच्यात एक स्क्रू फिरवला की निघतो. वर आय-फाईव्हचं स्टिकर आहे, तर नागपूरहून त्याच्या वरचा, जुना आय-सेव्हन मागवतो म्हणाले.

हो म्हणून आले. कशाला हो म्हटलं ते अजून नीट कळलेलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळपासून मोबाईलवर व्हिडिओ. एक जण म्हणतो जरूर बदला. दुसरा म्हणतो फुकटचा उद्योग, लॅपटॉप तापून मरेल. तिसरा पिढी विचारतो, दुसरी का तिसरी? प्रोसेसरची पिढी! वॅट, सॉकेट, बायोस... वरण करपलं.

दुपारी गजूभाऊंचा फोन. सिस्टिमच्या माहितीचं पान उघडून प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाचून सांगा म्हणाले. वाचला. आय-थ्री.

"ताई, बराबर पाहा. स्टिकर वाचून राहिले का स्क्रीन?"

स्क्रीनच वाचत होते. स्टिकरवर पाच, आत तीन. तीन वर्षांत ते पान मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. गजूभाऊ म्हणाले, उद्या घेऊन या, खोलून पाहू. कधी कधी सॉफ्टवेअर चुकतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

सॉफ्टवेअर चुकलेलं नाही.

माझ्यासमोरच खोलला. मागचं झाकण, मग पंखा, मग तांब्याची पट्टी. खाली राखाडी पेस्ट वाळून खरपुडी झालेली. ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि अक्षरं दिसली. आय-थ्रीच. गजूभाऊंनी बोळा खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, हा बदलला कोणं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्याशिवाय कोणी खोललाच नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनी मान वर केली.

"मीनं बिजागरी आन् डिस्क केली. पंख्याखाली हात नाही लावला."

"मंग काय माह्या भावानं बदलला?"

असं बोलायचं नव्हतं. पण बोलले. प्रवीणने भाऊबीजेला दिलेला लॅपटॉप आहे हा. ऑफिसमधले जुने विकायला निघाले तेव्हा माझ्यासाठी घेतला होता त्याने. तो कशाला स्टिकर एक आणि आत भलतंच देईल?

गजूभाऊंनी सगळं परत लावून दिलं. प्रत्येक स्क्रू. वर पाहिलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

यांना गजूभाऊंनी रात्रीच सांगितलं असावं. सकाळी चहा घेताना, "गजूले मी तिसरीपासून ओळखतो. लोकाइसमोर त्याले चोर म्हणून आली तू?"

"चोर नाही म्हटलं."

"मंग काय म्हटलं?"

मी चहाचे कप उचलले. यांचं म्हणणं, प्रवीणलाच विचार, बिल आहे का. मी म्हटलं, ओवाळणीचं बिल मागते का कोणी? हे बांधीवर गेले. हलके धान कापायला आले आहेत. दुपारी मी डबा घेऊन गेले तर कामापुरतं बोलणं. विळा दे, पाणी दे.

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रवीणला फोन. आईच्या गुडघ्याबद्दल बोललो, भाऊबीजेला माहेरी, एकोडीला कधी निघणार ते बोललो. मग सहज विचारल्यासारखं, "अरे, त्या लॅपटॉपात कोणता प्रोसेसर आहे?"

"आय-फाईव्ह. स्टिकर नाही दिसत का तुले?" हसला. मग थांबून, "काहून?"

"काही नाही, असंच."

फोन ठेवल्यावर वाटलं, तो 'काहून' जरा उशिरा आला. का मलाच तसं ऐकू आलं? माझ्या सख्ख्या भावाचे शब्द मी आता घड्याळ लावून ऐकते आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

हे खुशीत घरी आले. गजूभाऊंना आठवलं म्हणे. दोन वर्षांपूर्वी बिजागरी बसवताना कीबोर्डभोवतीचं वरचं पॅनल तुटलेलं होतं, म्हणून तसल्याच एका भंगार लॅपटॉपचं पॅनल काढून लावलं. आय-फाईव्हचं स्टिकर त्या पॅनलवरचं. म्हणजे आत पहिल्यापासून आय-थ्रीच, कोणीच काही बदललं नाही.

ऐकून क्षणभर हलकं वाटलं. मग प्रश्न पडला. प्रवीण आय-फाईव्ह का म्हणाला? त्याने दिला तेव्हा हे पॅनल नव्हतंच, तर त्याने स्टिकर पाहिलं कुठे?

हे म्हणतात पहिल्यांदा स्टिकर नव्हतं. मला आठवतं, होतं. त्याचा कोपरा नखाने उचकटत बसायची सवय होती मला. पण ती सवय पहिल्या वर्षातली का नंतरची, ते काही केल्या आठवत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तीन वर्षांपूर्वीचा भाऊबीजेचा फोटो जुन्या मोबाईलमध्ये सापडला. पाटावर लॅपटॉप उघडा ठेवलेला, बाजूला प्रवीण. मोठा करून पाहिला. आईने हळदीकुंकू वाहून कोपऱ्यावर झेंडूचं फूल ठेवलं आहे. नेमकं स्टिकर असतं त्याच कोपऱ्यावर.

यांना दाखवला. हे म्हणाले, फुलाखाली काही नाही. मी म्हटलं, फुलाखालचं दिसते का तुम्हाले?

दिवाळीचं काही केलं नाही अजून.

१९ ऑक्टोबर, रविवार

चकल्या. दोन घाणे फसले. लॅपटॉप तीन दिवस उघडला नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज, एकोडी

आधीच यांना बजावलं होतं, आज तो विषय नको. हो म्हणाले होते.

ओवाळलं. प्रवीणने साडी दिली, मोरपंखी. बारीक झाला आहे. त्याची बायको रूपाली आईसोबत चुलीजवळ. पंगत बसली, दुसरी पुरी वाढत होते तर हे म्हणाले, "काय साळेबुवा, तुमच्या लॅपटॉपात आय-थ्री निघाला न जी." हसतच म्हणाले. पण यांचं ते हसणं मला माहीत आहे.

प्रवीणचा हात ताटात थांबला. "असं का?" एवढंच. मग खाली मान घालून जेवला. आईला काही समजलं नाही, ती म्हणाली, "निघाला तं चांगलंच झालं न."

जेवण झाल्यावर तो मागच्या वाडीत उभा होता, सीताफळाजवळ. मी गेले. म्हणाला, "ताई, तो ऑफिसातला नव्हता."

"मंग?"

"ऑफिसच नव्हतं तवा."

त्या वर्षी श्रावणातच नोकरी गेली होती त्याची. सात महिने घरून डबा घेऊन निघायचा आणि बागेत, वाचनालयात, कुठेही बसायचा. रूपालीला अजून माहीत नाही. मी अल्बमचं काम सुरू केलं होतं, लॅपटॉप पाहिजे म्हणून फोनवर दहादा बोलले होते. मग नागपुरात एका माणसाकडून जुना घेतला. तो माणूस आय-फाईव्ह म्हणाला, याने तेच मला सांगितलं. स्टिकर होतं का? "मले नाही आठवत, फोनवर आपलं बोलून गेलो. तवा माह्यं ध्यानच कुठं होतं."

मी म्हटलं, रिकाम्या हातानं आला असता तं काय झालं असतं? तो घराकडे वळला. निघताना फक्त, "भाऊजीले नको सांगू."

गाडीवर हे म्हणाले, "पाह्यलं? एक शब्द तरी बोलला का तो?"

नाही म्हटलं. नाहीच म्हणावं लागलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

काय समजायचं? प्रवीणने फसवलं नाही, तो फसला. हे एका वाक्यात सांगता येतं यांना. पण मग ऑफिसचं काय, हा पुढचा प्रश्न येतोच. आणि मग सगळंच.

नाही सांगितलं तर यांच्या मनात माझा भाऊ खोटा. तो खोटं बोलला हे तर खरंच आहे. पण यांना वाटतं तसलं खोटं नाही. हे लिहितानाही गुंतते आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. घर पाहुण्यांनी भरलेलं. गजूभाऊ यांना भेटायला दारापर्यंत आले, आत आले नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले तोवर निघून गेले होते.

३ नोव्हेंबर, सोमवार

काल तुळशीचं लग्न झालं. आज दिलीपभाऊ पहिला पेनड्राइव्ह देऊन गेले. अल्बम उघडता उघडता लॅपटॉप अडकला. मग काय, उचलला आणि गेले गजूभाऊंकडे. आय-सेव्हन येऊन पडला होता. "तुम्ही याल का नाही म्हणून ठेवला तसाच," म्हणाले.

दुकानात कोणी नव्हतं. मी म्हटलं, "गजूभाऊ, त्या दिवशी चुकलं माह्यं."

त्यांनी जुना प्रोसेसर काढला, चिमटीत धरून उजेडात पाहिला. खाली शेकडो बारीक पाय. "यातला एक वाकला तं सगळं गेलं," म्हणाले. मग नवा बसवता बसवताच, "खरं सांगू का ताई? ते पॅनल मीनं बदललं का नाही, मले पक्कं नाही आठवत. त्या महिन्यात पाच-सहा बिजागऱ्या केल्या. एकाचं पॅनल बदललं होतं, तुमचंच का दुसऱ्याचं... तुम्ही तसं बोलले, आन् नरेशसमोर, तिसरीपासूनच्या दोस्तासमोर, मले काहीतरी उत्तर पायजे होतं."

त्यांनी स्क्रू फिरवला.

"पण प्रोसेसरले हात नाही लावला. ते पक्कं."

मी म्हटलं, माहीत आहे. खरंच माहीत आहे का? त्या क्षणी होतं.

बटण दाबलं, स्क्रीन काळी. पंखा गरगर फिरतो, पुढे काही नाही. जुना परत बसवून बायोस का काय ते नवं करावं लागलं, मग परत आय-सेव्हन. दोन तास गेले. शेवटी सुरू झाला. गजूभाऊंनीच माहितीचं पान उघडून स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "वाचा." वाचलं. सात.

४ नोव्हेंबर, मंगळवार

अल्बम तयार व्हायला आधी पाऊण तास लागायचा, आज वीस मिनिटं. पण पंखा राईस मिलसारखा ओरडतो आणि डाव्या बाजूला हात ठेववत नाही. गजूभाऊ म्हणतात, चार कोरचा आहे, तापणारच, खाली लाकडाच्या पट्ट्या ठेवा. ठेवल्या. दुपारी एकदा आपोआप बंद पडला. मग पुन्हा नाही पडला. सुधारला का बिघडला? विचारलं तर सांगता येणार नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गजूभाऊंचं पॅनलचं म्हणणं यांना सांगितलं. प्रवीणचं नाही. हे बराच वेळ विळ्याला धार लावत बसले. मग म्हणाले, "म्हणजे कोणालेच काही माहीत नाही."

"नाही."

"मंग प्रवीण त्या दिवशी चूप काहून राहिला?"

मी गाईला चारा टाकायला उठले. टाकलेला होता आधीच.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुसरा अल्बम दिला. दिलीपभाऊ खूश.

दुपारी प्रवीणचा फोन. उद्या आमच्याकडे मोहाडीला येतो, एकटाच. "भाऊजीसंग बोलायचं आहे."

"सगळं सांगशील?"

"पाहू. तिथं आल्यावर पाहू, ताई."

यांना फक्त एवढंच सांगितलं, प्रवीण येतो आहे उद्या. हे हात धूत होते. टॉवेलला हात पुसले, पुन्हा पुसले. मग म्हणाले, "सकाळी तलावावरून झिंगे आणतो. त्याले आवडतेत."

आवडतात. पण हे यांच्या कसं लक्षात राहिलं, आणि आजच का आठवलं, मला काही समजत नाही.