वाळूतला सव्विसावा दिवस

१४ नोव्हेंबर २००४, रविवार, संध्याकाळी सव्वासहा. चमचा हातात घेऊन काचेच्या पेटीसमोर बसलो होतो.

हरिहरेश्वरहून आणलेला माझा शंखातला खेकडा वाळूत शिरून आज सव्वीस दिवस झाले. कात टाकायला गेला की मरायला? चमच्याने थोडंसंच उकरून बघणार होतो.

आई म्हणाली, "मेला आसंल त्यो. दे टाकून."

काकीचं माहेर आहुप्याकडचं. भातखाचरातले खेकडे धरतच ती वाढली. तिने पेटीत नाक घातलं.

"वास न्हाई. जित्ता हाय. कात टाकल्यावं आंग लोण्यावानी व्हतं, तुझा चमचा लागला तर फाटंल. बाळंतिणीची खोली उघडून बगतो का कुणी? आन त्यो चमचा हिकडं, च्यात साखर ढवळायचीय."

आई हसली. मी चमचा दिला. कालच उकरलं असतं तर? नको तो विचार.

वाळूवर पाणी शिंपडून पेटी झाकली. आता रोज फक्त वास घ्यायचा. आज तीनदा घेतला. ओल्या वाळूशिवाय कसलाच वास नाही.