मारलं म्हणजे काय

बाबा, काल एका कथेचं इंग्रजी भाषांतर करताना 'मारलं' या शब्दापाशी अडले आणि तुम्ही आठवलात. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, तेव्हाचा उन्हाळा. तुम्ही नागपूरच्या सेशन्स कोर्टात दुभाषी, आणि तुमचं काम बघायचंच म्हणून मी हट्टानं मागच्या बाकावर बसलेली. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. जज्जसाहेब मद्रासकडचे, मराठी जेमतेम कळणारे. पिंजऱ्यात उभ्या माणसावर सख्ख्या भावाच्या खुनाचा आरोप. मेलेल्या भावाची बायको साक्षीला येते आणि म्हणते, "माह्या दिरानं त्यायले मारलं जी."

जज्जसाहेब पेन उचलून तुमच्याकडे बघतात. माझ्या मनात 'किल्ड' केव्हाच उमटलेलं. तुम्ही मात्र बाईंकडेच बघत राहता. सरकारी वकील पुटपुटतात, "सांगा ना!" तुम्ही इंग्रजीत म्हणता, या एका शब्दात 'बीट'ही येतं आणि 'किल'ही, बाईंना विचारायची परवानगी असावी. साहेब मान हलवतात. "बाई, मारलं म्हणजे काय केलं?" घरी पाणी मागता त्याच आवाजात तुम्ही विचारता. ती दिराकडे बघते. शेतीच्या वाटणीवरून दोन्ही घरांत वर्षानुवर्षांचं वैर, हे नुकतंच कोर्टानं ऐकलेलं. दिराचा जीव आता तिच्या जिभेवर. "काठीनं मारलं जी," ती सावकाश म्हणते. "जिवानं नाही मारलं. हे पळत सुटले अन् विहिरीत पडले. म्या पाह्यलं." एवढं बोलून तिनं पदर तोंडाशी धरला. दिराला मारहाणीची शिक्षा झाली; फाशी टळली.

संध्याकाळी आई ओट्याशी अंडी फेटत होती. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कोणता अर्थ वाटला होता?"

"मले काय वाटते, हे कोर्टानं कुठं विचारलं होतं, पोरी?" तुम्ही हात धूत म्हणालात. मग आईच्या वाटीकडे बघून हसलात. "हे अंडं फेटणं 'बीट', ढोल बडवणं 'बीट', काळजाचा ठोकाही 'बीट'च. त्या शब्दात माणूस जिता राहू शकते. 'किल' म्हटलं का कारभार आटोपला." आणि पाटावर बसलात, रोजच्यासारखे.

हे पत्र टाकायला पत्ताच नाही, तेव्हा इथंच राहील. पण एक सांगते. त्या दिवशी तुमचं कौतुक वाटलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे तुमच्या ताटात पोळी वाढताना मी तुमच्याकडे बघायचं टाळलं, बाबा. एका शब्दावर माणसाचा जीव तोलून तुम्ही रोजच्यासारखे जेवत होतात, आणि मला तुमची भीती वाटली होती.