अर्ध्या अंशानं सरकलेलं दुकान

ती. मामांना,

नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण दोन दिवस विमानाच्या पोटाखाली उताणी पडून कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानंच गोड मानून घ्या.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामीनं तुम्हाला जिने चढायची बंदी केल्याचं आईकडून कळलं. तुम्ही ती मोडल्याचंही तिच्याकडूनच कळलं.

मी मजेत आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे माझ्यामुळे एका शिंप्याच्या दुकानाची भिंत पडायची वेळ आली आहे. आम्ही विमानातून घेतलेल्या फोटोंवरून जो नकाशा झाला, त्याप्रमाणे त्याच्या गल्लीतला रस्ता रुंद होणार, आणि नकाशात त्याचं दुकान चक्क रस्त्यात उभं आहे. परवा तो गळ्यात टेप अडकवून ऑफिसात आला. म्हणाला, "ताई, तीस वर्षं मी त्याच खुर्चीत बसतोय. दुकान हललं असतं तर आधी मला कळलं असतं." मी त्याला पाणी दिलं आणि ऐकवलं, की उपग्रह विमानाची जागा सांगतात, कॅमेऱ्याला जोडलेली डबी विमान क्षणाक्षणाला किती कललं ते सांगते, आणि दोन्ही मिळून प्रत्येक फोटो नकाशावर जिथल्या तिथे बसवतात, माणसाचा हात कुठे लागतच नाही. (निदान हे बोलताना तरी मला स्वतःच्या हातांची आठवण व्हायला हवी होती.)

झालं असं, की उड्डाणाच्या आदल्या दिवशी मला त्या डबीवर धूळ दिसली. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, मी लोकांच्या घरचे पंखेसुद्धा पुसते. चार स्क्रू काढले, डबी लख्ख केली, परत बसवली. खाली फडक्याचा एखादा दोरा राहिला असावा. डबी हलवली की ओळखीच्या इमारतींवरून चाचणीची फेरी मारायची आणि ती कॅमेऱ्याशी किती तिरकी बसली ते काढायचं, असा आमच्यात नियम आहे. (तो टाइप करून भिंतीवर मीच लावला आहे.) पण म्हटलं, चार स्क्रूंसाठी विमान कशाला उडवायचं? मामा, अर्धा अंश डोळ्यांना दिसतसुद्धा नाही हो. हजार मीटर उंचीवरून मात्र त्याचे जमिनीवर नऊ मीटर होतात.

शिंपी काही हलेना, तेव्हा त्याच्या समाधानासाठी मी परतीच्या फेरीतले फोटो उघडले. विमान जाताना दुकान रस्त्यात, आणि येताना मागच्या धोब्याच्या अंगणात! डबी तिरकी बसली असेल तरच असं होतं, विमान उलटं फिरलं की चूकही उलट्या बाजूला पडते. मग दोन्ही फेऱ्यांचे फोटो जुळवून तिरकेपणा शोधला, हिशेबातून काढला, तसं दुकान मुकाट्यानं जागेवर आलं. साहेबांकडे धावले. ते म्हणाले, "ज्या हातानं बिघडवलं त्याच हातानं सुधारलं, ते मी कसं मानू? दुसऱ्या कुणी जमिनीवर मोजलेल्या खुणांशी ताडून दाखव. गुरुवारी नकाशा जाणार, असेल तसा."

बाकी सगळं ठीक. मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. : नोकरीच्या सुरुवातीला तुम्ही याच गावात पायी फिरून मोजणीचे दगड पुरले होते ना? त्यांतले तीन मला सापडले (एकावर लोक सायकल टेकवतात). तुमच्या निवृत्तीच्या समारंभात मी चारचौघांत म्हटलं होतं, की मामांनी त्या दगडांच्या आकड्यांची वही आता रद्दीत घालावी. घातली नाहीत ना? चुकलं माझं. खरंच चुकलं.

ता. क. २ : वही घेऊन तुम्ही स्वतःच या, साहेब नुसत्या कागदावर विश्वास ठेवत नाहीत. आकडे जुळले नाहीत तर त्यांच्यासमोर हसू नका. घरी येऊन पोटभर हसा.

ता. क. ३ : शिंप्यानं कालपासून दुकानातलं सामान बांधायला घेतलं होतं. मला बघवेना. मी सांगून टाकलं, "थांबा, बुधवारी माझे मामा येतायत." त्यानं तिथल्या तिथे गाठोडी सोडून मशीन परत मांडलं. आता बोला.