गळक्या गाडीखाली पांढरी चादर

ती. वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार. (माझे गुडघे हल्ली वाकत नाहीत, तेव्हा साष्टांगातली दोन अंगं मनानेच टेकवली आहेत असं समजा.) तुमची पाठ कशी आहे? तुमच्या ह्यांची साखर आटोक्यात आहे ना, की अजून कपाटामागे बिस्किटं लपवतात? मी बरी आहे. झोप लागते, जेवणही जातं. एकटीपुरता स्वयंपाक करायचा अंदाज मात्र अजून चुकतो आणि रात्री सकाळचंच खावं लागतं, पण त्याची तक्रार नाही. शिवणाची कामं भरपूर आहेत. सध्या एका दवाखान्याचे पडदे शिवते आहे, सगळे हिरवे. परवा बाजारात टोमॅटोसुद्धा हिरवेच उचलून आणले.

पत्राचं कारण गाडी. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही (राग मानू नका, तुमच्या भावालाही देत नव्हतात), म्हणून लिहिते आहे. रविवारी तुम्ही गाडीसाठी गिऱ्हाईक घेऊन येणार आहात. गाडी घेतली तेव्हा नोकरी तुमची पक्की होती म्हणून कागद तुमच्या नावावर झाले, तेव्हा ती विकायचा हक्कही तुमचा. तरी तुम्ही मला विचारलंत आणि मी "विका" म्हणाले. त्या दिवशी तुम्ही शिवणयंत्राचं विचारलं असतं तरी मी "विका" म्हणाले असते, असा तो दिवस होता. कारण त्याच सकाळी आमच्या इमारतीचे सेक्रेटरी दारात येऊन गेले होते.

या गृहस्थांनी आवारात नव्या फरश्या बसवल्या आहेत. दुधी रंगाच्या. जिथे गाड्या उभ्या राहतात तिथे दुधी फरशी घालायची कल्पना कुणाची, हे सभेत कुणी विचारलं नाही, कारण ती त्यांचीच होती. आपली गाडी इंजिनाखालून तेल गाळते, हे तुम्हाला माहीत आहेच. तर हे रोज सकाळी खडू घेऊन खाली उतरायचे आणि प्रत्येक नव्या थेंबाभोवती वर्तुळ काढायचे. दूधवाला विचारायचा, इथे कुणाचा खून पडला काय? शेवटी त्यांनी मला सांगितलं, "वहिनी, आणखी एक थेंब, आणि गाडी आवाराबाहेर." आवाराबाहेरचा रस्ता तुम्ही पाहिला आहे. तिथे सायकल उभी करायची तर तिलासुद्धा श्वास आत घ्यावा लागतो. म्हणून मी "विका" म्हणाले. मग फोन ठेवल्यावर वाटलं, विकायचीच आहे तर गळकी कशाला विकायची? उद्या ते गिऱ्हाईक तुमच्या नावाने खडे फोडेल.

गल्लीच्या टोकाला एक गॅरेज आहे. त्याच्या मालकाला सगळे 'होईल' म्हणतात, कारण कोणतंही काम सांगा, तो "होईल" म्हणतो. केव्हा ते म्हणत नाही. त्याने गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरून पाहिली आणि पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसा चेहरा करून वर आला. इंजिनाच्या पोटाखाली तेल साठायला पत्र्याचं एक ताट असतं, त्याला ही मंडळी चेंबर म्हणतात. तो चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये सगळ्या कडेने एक पट्टी असते, ते गॅस्केट. ते गेलं होतं. मी म्हटलं, बदला. तर म्हणे, "मिळत नाही, काकू. ही गाडी बनवणारेसुद्धा आता तिला ओळखणार नाहीत." मग काय करायचं? "होईल काहीतरी," असं म्हणून तो चहाला गेला. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा तो चहालाच गेलेला होता.

आपल्या घरात गाडी दुरुस्तीचं एक जाड पुस्तक आहे, तुमच्या भावाचं. त्यांनी ते कधी उघडलं नाही, त्यांची सगळी भिस्त मनगटावर. मी शब्दकोश जवळ घेऊन ते पहिल्यापासून वाचलं. (रेडिएटरचं प्रकरण जरा रेंगाळतं, बाकी पकड घेतं.) त्यात एके ठिकाणी लिहिलं आहे की तयार गॅस्केट न मिळाल्यास ते कॉर्कच्या पातळ तक्त्यातून कापून घ्यावं. कापून! मी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. उभा जन्म मी दुसरं काय केलं आहे? लगेच गॅरेज गाठलं, 'होईल'ला चहाच्या टपरीवरच पकडला आणि म्हटलं, तुम्ही चेंबर उतरवा, गॅस्केट मी कापते.

"काकू, हे काय झबलं आहे?"

म्हटलं, झबलंच अवघड. त्यात मूल हलतं. इंजिन बिचारं पडून असतं.

आता खरी गंमत ऐका. चेंबरचे बोल्ट निघेनात. 'होईल' पान्याला लोंबकळला, पाय भिंतीला लावून पाहिले, तोंडाने काहीबाही बोलला (मी वर उभी आहे हे विसरून). शेवटी ओरडला, "कुणी आवळलेत हे? राक्षसाने?"

मी म्हटलं, "आमच्या ह्यांनी."

तो बिचारा पाना पुसत बसला. तुम्हाला तर सांगायलाच नको. तुमच्या भावाने बंद केलेला नळ दुसऱ्याला उघडायचा नाही, त्यांनी लावलेलं बरणीचं झाकण त्यांनाच हाक मारून काढून घ्यावं लागायचं. तुमच्या लग्नात त्यांनी तुमची ट्रंक दोरीने अशी आवळली की सासरी तुम्ही पहिले दिवस जावेच्या कपड्यांत काढलेत. आणि हे गॅस्केट त्यांनीच बसवलं होतं, आजारी पडायच्या आधी. पुस्तक म्हणतं, चेंबरचे बोल्ट हलक्या हाताने आवळावे, फार जोर केल्यास गॅस्केट चिरडून बाहेर येतं आणि तेल गळू लागतं. बोल्ट एकदाचे सुटले आणि गॅस्केट हाती आलं, तेव्हा ते तसंच निघालं, जागोजागी चिरडलेलं. म्हणजे सेक्रेटरींनी खडूने घेरले ते थेंब तुमच्या भावाच्या मनगटाचे. ते मनगट शेवटी पाण्याचा पेलासुद्धा धरत नव्हतं, हे तुम्ही आणि मी शेजारी शेजारी उभ्या राहून पाहिलं आहे. गॅरेजात मला रडू यायला हवं होतं, पण वन्सं, आलं हसू. इतकं आलं की 'होईल' घाबरून खड्ड्यातून वर आला, आणि मग तोही हसला.

कॉर्क आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, नोटीस बोर्ड करायचा का? म्हटलं, इंजिन. मग चेंबर घासूनपुसून टेबलावर पालथा ठेवला, वर्तमानपत्रावर त्याचा नमुना काढला, नमुन्यावरून कॉर्क कापला. (सवयीने शिलाईपुरती जास्तीची पट्टी सोडली होती, ती नंतर कातरून टाकली.) पट्ट्यांना भोकं पाडायच्या चिमट्याने बोल्टांची भोकं पाडली. देखणं काम झालं. लावून पाहते तो एकही भोक जुळेना. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की चेंबर पालथा ठेवून नमुना काढल्यामुळे सगळं उलटं आलं. हा शिवणातला सगळ्यात वाईट अपराध. एकाच सदऱ्याला दोन डाव्या बाह्या निघाल्या तर कापड गेलंच समजायचं. मी स्टुलावर बसून 'होईल'ला सगळं समजावून सांगितलं, की आता हे फुकट गेलं, पुन्हा कॉर्क आणायला हवा, चूक सर्वस्वी माझी. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, कॉर्क उचलला, फिरवून दुसऱ्या अंगावर ठेवला. सगळी भोकं जुळली. कॉर्कला सुलट बाजू नसते, वन्सं. इतकी वर्षं कापडाच्या नादी लागले, हा पदार्थ आधी कुणी दाखवला का नाही?

बोल्ट लावताना मी खड्ड्याच्या काठावरून हललेच नाही. मधून बाहेर जायचं, एक इकडचा, एक तिकडचा, थोडे थोडे आवळायचे, पडद्याला आधी टाचण्या लावून घेतो तसे. शेवटी 'होईल' म्हणाला, "काकू, प्रत्येकाला एकेक जोराचा देतो. मनाला समाधान."

"समाधान नको. गॅस्केट हवंय."

"काकांचं कसं जमायचं हो तुमच्याशी?"

म्हटलं, तेही हेच विचारायचे.

गाडी घरी आणली, घरातली सगळ्यात पांढरी चादर इंजिनाखाली अंथरली. सकाळी सेक्रेटरी खडू घेऊन हजर. दोघांनी मिळून चादर बाहेर ओढली, उजेडात धरली, उलटसुलट पाहिली. डाग नाही. त्यांनी खडू खिशात घातला आणि म्हणाले, "वहिनी, एवढी पांढरी चादर आमच्या घरात नाही. साबण कोणता?" मी वर आले, दार लावलं आणि बऱ्याच महिन्यांनी गरम गरम जेवले, अगदी माझ्यापुरतं.

तर गाडी आता उत्तम आहे. कुणालाही ताठ मानेने दाखवावी अशी.

तुमची,
वहिनी

ता. क. : त्या गिऱ्हाइकाला आणू नका. मला गाडी विकायची नाही. हे पहिल्या ओळीतच लिहायचं होतं, पण तिथे नमस्कार लिहावा लागतो. गाडी कागदावर तुमची आहे, म्हणून हा हट्ट नव्हे, विनंती आहे. पडद्यांचे गठ्ठे मी त्यातूनच पोचवते, हे कारण खरं आहे, पण तेवढंच नाही. संध्याकाळी मी खाली जाऊन गाडीत वाचत बसते. घरात पुस्तक उघडलं की शेजारची रिकामी खुर्चीच दिसत राहते. गाडीत मी स्टिअरिंगमागे, त्यांच्या जागी बसते; शेजारची जागा माझीच होती, ती रिकामी असली तर नवल नाही.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून लिहिते आहे. आत्ता खाली जाऊन आले. फरशीवर एक थेंब आहे. चादर अंथरली होती तिच्या हातभर बाहेर, पुढच्या चाकाजवळ. घाबरू नका, लाल आहे. इंजिनाचं तेल काळं असतं, म्हणजे गॅस्केट अगदी पक्कं बसलं आहे, हे ध्यानात घ्या. पुस्तक म्हणतं लाल असेल तर स्टिअरिंगचं तेल, नळीवरची एक पकड सैल झाली असेल. सेक्रेटरी समोरून आले तेव्हा मी त्यावर पिशवी ठेवून त्यांना साबणाचं नाव सांगितलं. पण रोज काही साबण सांगता येणार नाहीत. तेव्हा रविवारी या, एकट्याच या, आणि टॉर्च आणा. मी पाना धरते, तुम्ही उजेड धरा. तुमच्या भावाची जुनी तक्रार होती की गप्पांच्या भरात तुम्ही कामाची जागा सोडून सगळीकडे उजेड पाडता. पाडा. मला गप्पाही हव्या आहेत.