एका पानाचं कलम

बाबा,

दिल्लीहून गुंजनचा पाया पडून नमस्कार. तब्येत ठीक आहे, होस्टेलचं जेवणही आता गोड लागून राहिलं. आईचा गुडघा कसा आहे?

काल वकिलीच्या वर्गात राज्यघटनेचं तिसरं कलम शिकवलं. नवं राज्य बनवायचा अधिकार एकट्या संसदेले आहे. विधानसभेचं फक्त मत मागवतात, ते मानलंच पाहिजे असं नाही. मले खरं वाटेना. पुस्तक घेऊन तीनदा वाचलं. अख्खं कलम एका पानात मावते बाबा, आन् त्यात लोकांले विचारायचं तर कुठंच नाही.

तुम्ही सव्वीस वर्षांपासून दर हिवाळी अधिवेशनाले खाप्याहून बसनं नागपूरले जाता, वेगळ्या विदर्भाचं निवेदन आमदारांच्या हातात देता. एवढ्या जणांनी ते हसून घेतलं. हे आमच्या हातात नाही, असं एकानंही काहून नाही सांगितलं?

डिसेंबरात तुम्ही जालच, मले माहीत आहे. मफलर घ्या. आन् हे पत्र आईले वाचून दाखवू नका, ती यंदा तुम्हाले घराबाहेर पडू देणार नाही.

तुमची,
गुंजन