शेवटच्या गावाला पहिली पाळी

श्रीमान बाहुबली अप्पा यांस,

बाळगोंडाचा जयजिनेंद्र. आपली कंबर आता कशी आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. इकडं सर्व खुशाल. फक्त आपल्या व्याह्याची अब्रू ओढ्यात गेली, तिची हकीकत कळवतो.

संस्थानं विलीन झाल्यापासून साताऱ्याचे एक ओव्हरसीअर साहेब आमचा ओढा उगमापासून मोजत होते. (पूर्वी ओढा आमच्या संस्थानच्या हद्दीच्या दगडापर्यंतच वाहायचा, पलीकडं तो काय करतो हे विचारणं आमच्या कामाचं नव्हतं.) वरच्या गावानं बंधारा घालून पाणी अडवलंय आणि माझा गहू ओंब्यांवर आलाय, हे आपण जाणताच. म्हणून चावडीपुढच्या बैठकीत मी उठलो आणि तासभर बोललो. ओढा एक, तर पाण्याचा विचारही एकच व्हावा, आणि पहिली पाळी सर्वांत शेवटच्या गावाला मिळावी. (शेवटचं गाव आमचं, हे मी नम्रपणे वगळलं.) साहेब खूश झाले. वरच्या गावच्या नाथाजीनं कुरकुरत का होईना, ठरावावर अंगठा उठवला. मी सही केली, तीही ठळक.

दुसऱ्या दिवशी साहेबांना हद्दीपलीकडं बघायचं होतं. पुढं नुसत्या बाभळी आहेत असं सांगत मीच वाट दाखवायला निघालो. कोसभर गेल्यावर वाळूत खड्डा काढून एक बाई वाटीवाटीनं घागर भरताना दिसली. जवळ गेलो तर माझी लेक गुणमाला, म्हणजे आपली सून. "आवं अण्णा, तुमी हिकडनं कसं आलासा?" ती म्हणाली. मी आपल्याकडं नेहमी मिरजेवरून गाडीरस्त्यानं येतो, अप्पा. आपण ज्याला जोगणीचा ओढा म्हणता तो आमचाच, हे चार वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. साहेबांनी पेन्सिल काढली, ठरावात शेवटचं गाव म्हणून असलेलं आमच्या गावाचं नाव खोडलं आणि तिथं आपल्या गावाचं घातलं.

आपला,
बाळगोंडा

ता. क. आम्हांला पहिल्या पाळीची गरज नाही, असं आपण साहेबांना दोन ओळींत कळवलंत तर माझा गहू वाचेल. घरचं नातं म्हणून लिहितो.

ता. क. दुसरा. पत्र घरात वाचून दाखवलं. गुणमालेच्या आईनं एवढंच विचारलं, की ती घागर भरायला पोरीला किती वेळ लागला. त्या अर्ध्या घागरीतले दोन तांबे मीच प्यालो होतो, एक साहेब प्याले, आणि ती पुन्हा वाटी घेऊन खड्ड्याशी बसली. मला फार वाईट वाटतं, अप्पा. वरचा ता. क. खोडलेला समजा (दौतीत शाई उरली नाही). पहिली पाळी आपलीच. गव्हाचं गुणमालेला कळवू नका.