पुंजाजीनं शिवलेली वहाण

अमडापूर, ३ सप्टेंबर २०२४

चि. राखीस आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलावं तं हे बाजूलेच बसतात, म्हणून पत्र लिहून राह्यली. तुह्या बाबाच्या तळव्याले, अंगठ्याखाली, जखम झाली. वहाणेतला खिळा वर आला होता, पण साखरेच्या बिमारीनं पाय बधिर; यायले समजलंच नाही. मी फरशीवर रक्ताचे डाग पाह्यले तवा कळलं. डॉक्टर म्हणे, मऊ रबराच्या चपला घाला, नाही तं अंगठा कापावा लागीन. दवाखान्यातून निळ्या पट्ट्याची जोडी आणली. हे म्हणतात, ते घालून बाजारात गेलो तं लोकं मले रोगी समजतीन. म्हणे, या पंजाबरावाच्या पायात चामड्याचीच वहाण पाह्यजे. अन् त्याच जुन्या वहाणा घालून वावरात जातात. मी लपवल्या तं अनवाणी निघाले. मले घास गिळवत नाही, बाई.

तुही आई,
कोकिळा

नाशिक, ९ सप्टेंबर २०२४

ती. आईस सा. न.

पत्र मिळालं. बाबा डॉक्टरचं ऐकणार नाहीत, माझं तर कधीच ऐकलं नाही. पण वहाणेच्या बाबतीत ते त्यांच्या वहाणा शिवणाऱ्या खामगावच्या पुंजाजीकाकांचं ऐकतात. माझ्या लग्नात शालू तुझ्यावर सोपवला आणि स्वतःच्या वहाणेसाठी दोन चकरा मारल्या, आठवतं ना? नवीन जोडीचं माप द्यायचं म्हणून त्यांना तिकडेच ने. डॉक्टरचा कागद काकांना दाखव. आत मऊ रबर, खिळा एकही नको. वरून मात्र बाबांची वहाणच दिसली पाहिजे. माझं नाव काढू नकोस, नाहीतर हट्टाला पेटतील. आणि दोन घास जेवत जा.

तुझी,
राखी

अमडापूर, १२ नोव्हेंबर २०२४

चि. राखीस अनेक आशीर्वाद.

फोनवर नुसतं बरं हाये म्हटलं. हे आता वावरात गेले, तं सगळं लिहते. जखम भरली. काल डॉक्टरनं सांगितलं, अंगठ्याची भीती गेली. मी तिथंच बाकड्यावर बसून रडली. हे म्हणे, अव, आता काऊन रडतं?

माप म्हटल्यावर हे लगेच तयार झाले होते. डॉक्टरचा कागद पाहून पुंजाजीनं जुनी वहाण हातात घेतली, खिळा चाचपला अन् मान खाली घातली. म्हणे, हा खिळा माह्याच हातचा हाये. यायनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणे, तू दरसाली दुरुस्तीले बोलावत होता, दोन वर्षं मीच आलो नाही. मंग त्यानं कागदावर पाय आखून घेतला. तेलात मुरवलेलं चामडं, आत मऊ रबर, सारी शिलाई हाताची. आठ दिवस लावले. शेजारच्या गोकुळच्या पोरीच्या साखरपुड्यात हे नवरदेवावानी मिरवले, कोणाले काही समजलं नाही.

पुंजाजीनं एक अट घातली, रोज तळवा घरच्या माणसाले दाखवायचा. लग्नाले एकोणचाळीस वर्षं झाली, या माणसानं साधं डोकं दुखलं तरी मले सांगितलं नाही. आता सकाळचा चहा झाला की पाय लांब करून बसतात अन् म्हणतात, पाह्य वं. मी चष्मा लावते अन् पाहते. पाहून झालं तरी उलसा वेळ धरून ठेवते.

जावईबापूले नमस्कार. एकदा येऊन जाय, माया पातळ होऊ देऊ नको.

तुही आई,
कोकिळा